ज्वारीतले तीस डबे

संक्रांत सरली की सोलापूर रस्त्याच्या कडेला हुरडा पार्टीचे फ्लेक्स लागतात. त्यांवर फेटा बांधलेला एक हसरा म्हातारा असतो, सगळ्या फ्लेक्सवर तोच. खाली नकाशा, पार्किंगची सोय, लहान मुलांसाठी बैलगाडी. यंदा आमच्या विभागाच्या ग्रुपवरही निरोप आला, शनिवारी हुरडा, सहकुटुंब यावे. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि गेलो नाही. दरवर्षी अंगठा पाठवतो आणि दरवर्षी जात नाही. सहकाऱ्यांनी त्यातून एवढाच अर्थ काढलाय की मी माणूसघाणा आहे. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाबद्दल असा समज व्हायला फार पुरावा लागत नाही.

खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजल्याचा वास आला की मला एक शेत दिसतं, आणि त्या शेतात मी उभा असतो, बूट चिखलात, हातात कपबशी. तो माणूस मला बघवत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी, दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत मी हडपसरच्या पलीकडे चार एकर काळ्या रानात येत-जात होतो. महापालिकेची हद्द तिथवर नुकतीच पोचत होती. एका बाजूला आयटी पार्कच्या काचा, दुसऱ्या बाजूला मालदांडी ज्वारी. रान आबांचं. आबा म्हणजे अर्चनाचे वडील, आणि अर्चना माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. त्यांच्या घरात इंजिनीअर झालेली ती पहिलीच. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या वेळात माझ्या हाताखाली संशोधन करायची.

त्या ज्वारीत आम्ही तीस डबे लावले होते. तुळशीबागेत मिळतात तसे साधे प्लास्टिकचे, झाकणाभोवती एम-सील. आत दोन सेल, नाण्याएवढा रेडिओ, आणि खालून मातीत गेलेली एक सळी. सळी मातीतली ओल मोजायची. डबा ते शेजारच्या डब्याला कळवायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, असं करत निरोप राखणीच्या माळ्यापाशी पोचायचा. पाखरं हाकायला आबा ज्या माळ्यावर गोफण घेऊन उभे राहत, त्याच्या खांबाला मुख्य डबा बांधला होता. तिथून मोबाईलच्या सिममधून सगळं माझ्या टेबलावर. कुठल्या सरीला पाणी हवंय हे शेतानंच सांगावं, एवढीच कल्पना.

त्याआधी दहाएक वर्षं मी याच विषयावर पेपर लिहीत होतो. सगळे संगणकावरच्या शेतातले. एक चौकोन काढायचा, त्यात शंभर ठिपके टाकायचे, प्रत्येक ठिपक्याभोवती एक गोल वर्तुळ, एवढ्या अंतरापर्यंत आवाज जातो असं मानायचं. ठिपक्यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम मी बनवले होते. आळीपाळीनं एकानं म्होरक्या व्हायचं. शेजाऱ्यानं तीन हाकांना ओ दिली नाही तर तो मेला असं धरायचं आणि नवा म्होरक्या निवडायचा. त्या नियमांना आमच्या एवढ्याशा जगात बऱ्यापैकी नाव होतं. माझ्या पेपरांतल्या शेतात कधी काही उगवलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. खऱ्या रानात लावून बघू, हा हट्ट अर्चनाचा.

पहाटे स्कूटरवरून जाताना हेल्मेटच्या काचेवर धुकं साचायचं. हडपसरच्या मंडईपाशी मेथीच्या जुड्यांचे ट्रक उतरत असायचे, रस्ताभर हिरवा कडवट वास. रानात पोचलो की अर्चनाची आई न विचारता चहा ठेवायची. अर्चना तोवर ज्वारीत शिरलेली असायची, डोक्याला मफलर, हातात वही. ती प्रत्येक डब्यात मिठाची एक उघडी पुडी ठेवायची. मी हसलो तेव्हा म्हणाली, आत ओल गेली तर मिठाचा गोळा होतो, झाकण उघडल्या उघडल्या कळतं. चार हजाराचं यंत्र लागत नाही.

ज्वारी गुडघ्याएवढी होती तोवर डबे पोपटासारखे बोलत होते. कमरेला लागली, पोटरीत आली, म्हणजे कणसं अजून पानांच्या आत होती, तरी बोलत होते. मग ती डोक्यावरून गेली, निसवली, कणसं बाहेर आली, आणि रोज उजाडताना डबे मुके व्हायला लागले. उन्हं वर आली की काही परत यायचे, काही यायचेच नाहीत. माळ्याजवळचे डबे सगळ्यात आधी गेले.

तसं होणार हे आमच्या विषयात ठाऊकच असतं. मुख्य डब्याच्या जवळ जो, त्याच्या अंगावरून सगळ्यांचे निरोप जातात. लांबचा फक्त आपलं सांगतो, जवळचा सगळ्या गावाचं वाहतो. म्हणून जवळचा आधी मरतो. वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर मधोमध एक ठिपका काढून त्याच्याभोवतीचे ठिपके एकेक पुसून दाखवतो. मुलांना गंमत वाटते. अर्चना माझ्या सगळ्यात जवळ बसायची. माझ्या उत्तरपत्रिका ती तपासायची, पाहणी समितीच्या फायली ती लावायची, मी परिषदांना गेलो की माझे तास ती घ्यायची. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि सोयीचं होतं.

एका सकाळी मी बांधावर उभा असताना ती ज्वारीतून बाहेर आली. कपाळापासून पायापर्यंत भिजलेली, ओढणी पिळून काढावी अशी. थंडीनं दात वाजत होते, तरी चेहरा असा फुललेला की मला आधी वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

"सर, डबे बिघडले नाहीत. दव हाय," ती म्हणाली.

मग श्वास न घेता सांगत सुटली. ओल्या पानांच्या भिंतीतून रेडिओचा आवाज जात नाही. शेजारी जिवंत असतो, पण त्याची ओ ऐकू येत नाही. तुमच्या नियमानं तो मेला असं ठरतं. मग निवडणूक, मग नवा म्होरक्या, त्याचीही ओ नाही, परत निवडणूक. उजाडल्यापासून दव सुकेपर्यंत सगळे नुसते ओरडत असतात आणि त्यातच सेल संपतात.

"ते मेलेले नसत्यात सर. ओल्यात अडकलेले असत्यात. तुमचा नियम त्यांना मारतो."

उपायही तिनं शोधून ठेवला होता. उत्तरेच्या बाजूच्या सहा डब्यांचा नियम तिनं बदलला होता. पहाटे गप्प राहायचं, मोजलेलं पोटात साठवायचं, दव सुकलं की एकदाच बोलायचं. ते सहाच्या सहा जिवंत होते. मी स्वतः जाऊन मेलेल्यांपैकी चार डबे उघडले. चारही पुड्यांतलं मीठ सळसळत होतं.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. खरा आनंद, दहा वर्षं चौकोनात ठिपके टाकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी खरं दिसलं याचा. तो किती टिकला तेही आठवतं. आबांनी आणून दिलेला चहा अर्धा होईपर्यंत. मग मला माझी मुलाखत आठवली. प्रोफेसरपदाची, महिनाभरावर आलेली, त्याच नियमांच्या जोरावर. बशीतला उरलेला चहा मी बांधावर ओतला आणि अर्चनाला सांगितलं की सकाळी नऊच्या आधीचे सगळे आकडे काढून टाक.

"का सर?"

"नॉइज आहे तो."

"पण खरं तेवढंच हाय की," ती म्हणाली. उद्धटपणानं नाही. एखाद्याच्या शर्टाला काही लागलं असेल तर आपण दाखवतो तसं.

तिनं आकडे काढले नाहीत.

आमच्याकडे सहामाही प्रगती सेमिनार असतो. विद्यार्थी पडद्यापाशी उभा, समोर समिती, आणि मार्गदर्शक समितीच्या बाजूला बसलेला. बसण्याची ही पद्धत कुणी ठरवली माहीत नाही, पण तिच्यात सगळं आलं. विद्यार्थ्याचं कौतुक झालं तर मार्गदर्शक मान डोलावतो, आणि अडचण आली तर तो समितीच्या बाजूला आधीच बसलेला असतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आलेख पाहिला आणि अर्चनाला विचारलं की सरांच्या पेपरात नेटवर्क पूर्ण हंगाम चालतं, इथे निम्म्या हंगामात बसलंय, हे कसं?

अर्चनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मी आधी बोललो.

"डबे नीट सील केले नव्हते. आत पाणी गेलं. आमच्या स्कॉलरची हयगय आहे ही, मी समज दिली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडून नव्हे, तर आपल्या ऐकण्यात काही चुकलंय का, हे तपासत असल्यासारखी. मग समितीकडे वळून म्हणाली, "सर, मीठ कोरडं हाय."

समितीला मिठाचं काय माहीत. आधी एक जण हसला, मग तिघंही. मीही हसलो. आणि हसता हसता, आजवर कुणी ऐकलं नसेल एवढ्या सहज, म्हणालो, "आहे म्हण, अर्चना. हाय नाही. पीएच.डी. करतेस ना?"

पुन्हा हशा झाला, पहिल्यापेक्षा मोठा. तिनं लॅपटॉप मिटला नाही की रडली नाही. पुढचा आलेख लावला आणि उरलेला सेमिनार पूर्ण केला. एकही 'आहे' नाही, एकही 'हाय' नाही, वाक्यं अशी जुळवत की क्रियापदच येऊ नये. शेवटचा अर्धा तास मी ते ऐकत होतो. अहवालावर 'असमाधानकारक' असा शेरा पडला आणि खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही.

मला कधीकधी वाटतं की आकड्यांचं पाप एक वेळ धुतलं जाईल. ते हसणं जायचं नाही.

ती परत आली नाही. ज्वारी काढून झाल्यावर आबा आले, पोत्यात तीस डबे घेऊन. मी शिपायाकरवी सांगितलं की सर मीटिंगमध्ये आहेत. ते दोन तास बाकावर बसले. शेवटी मला बाहेर पडावं लागलं. डबे धुऊन पुसून आणले होते, प्रत्येकावर अर्चनाच्या अक्षरात नंबर. मला वाटलं आता ते बोलतील, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

"मोजून घ्या सर," ते म्हणाले. "पोरगी म्हणली, कॉलेजचं हाय, ठेवायचं न्हाई."

मी मोजून घेतले. समोर उभं राहून, एक ते तीस.

त्यानंतर मी प्रोफेसर झालो. दोन वर्षांनी दवाबद्दलचा पेपर छापला, एकट्याच्या नावानं. तो माझा सगळ्यात नावाजलेला पेपर आहे, परदेशातली मंडळीही त्याचा दाखला देतात. त्यातला मजकूर अर्चनाच्या प्रगती अहवालातून उचललेला आहे. तिच्या इंग्रजीची विभागात टिंगल व्हायची. ते इंग्रजी मी स्वल्पविरामासकट उचललं. एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा, की पीक शांतता मागत असेल तर यंत्रानं ती द्यावी. तपासणाऱ्यांनी त्या वाक्याचं मुद्दाम कौतुक केलं होतं. मी ते कौतुक घरी वाचून दाखवलं.

यंदा ते हुरड्याचे फ्लेक्स लागले त्याच आठवड्यात मला दुसऱ्या एका संशोधन केंद्राचं पत्र आलं. अर्चनानं तिथे नव्यानं नोंदणीसाठी अर्ज केलाय. चाळिशीला आली असेल आता. पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. तिनं दिलेला संशोधनाचा आराखडा साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तर पानंच्या पानं लाल झाली. मजकूर माझ्या पेपराशी जुळत होता. जुळणारच, तिचाच होता. पत्रात विचारलं होतं की हा मजकूर आपल्या परवानगीनं वापरला आहे का, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. खुलासा न आल्यास आपली हरकत आहे असे समजण्यात येईल.

स्वतःच्याच लिखाणाची चोरी केली म्हणून ती पकडली गेली होती, आणि साक्षीदार मी.

संगणकांचं जाळं शिकवताना मी मुलांना एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगतो. समोरचा गप्प असेल तर तो मेलाय की नुसता उशीर करतोय, हे कळायला जगात कुठलाही मार्ग नाही. म्हणून मुदत ठरवायची. मुदतीत उत्तर आलं नाही तर मेला असं धरून पुढे जायचं. त्यात चूक होऊ शकते, पण जाळं थांबून राहू शकत नाही. हे मी वीस वर्षं शिकवतोय. पंधरा दिवस मी गप्प बसलो. मुदतीची तारीख मला पाठ होती. खुलासा मी दुसऱ्याच दिवशी लिहिला होता, सगळं खरं. फक्त पाठवला नाही. मला तो आधी अर्चनाला दाखवायचा होता. आणि एक दिवस इकडेतिकडे झाला तरी माझ्यासारख्याचं पत्र कोण नाकारणार, असंही मनात होतं. होतंच.

सोळाव्या दिवशी मी तिच्या पॉलिटेक्निकमध्ये गेलो. प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. शिपायानं मला बाकावर बसवलं. तासाभरानं ती बाहेर आली, केसांत थोडं पांढरं, हातात लाल पेन.

"बोला सर."

मी कागद दिला. तिनं उभ्यानंच वाचला, उत्तरपत्रिका वाचावी तसा. दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबून एका शब्दाखाली लाल रेघ मारली.

"पोटरीत असताना नाही सर. निसवल्यावर. पोटरीत नेटवर्क चालू होतं." मग वर लिहिलेली केंद्राच्या पत्राची तारीख बघितली. "मुदत काल संपली."

"मी बोलतो त्यांच्याशी. माझं ऐकतील."

"हो. तुमचं ऐकतात."

तिच्या बोलण्यात आता एकही 'हाय' उरला नव्हता. ळ, ण, सगळं लख्ख, आमच्या पेठेतल्यासारखं. मला ते शाबासकीसारखं नाही, जखमेच्या व्रणासारखं ऐकू आलं.

मी म्हणालो, "मला वाटलं, आधी तुला दाखवावं."

"मला कशाला दाखवताय, सर? मी तिथेच होते." तिनं कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "आत बॅच बसलीय."

दार लागलं. आत कुणीतरी काहीतरी विचारलं आणि तिनं उत्तर दिलं, शांतपणे, पुन्हा एकदा समजावून. माझ्या हाताखाली असताना मी तिला कधी असं समजावून सांगितलं नव्हतं.

तिथून थेट केंद्रावर जाऊन मी खुलासा दिला. आवक विभागानं शिक्का मारून घेतला. आठवड्यानं उत्तर आलं. मुदतीत खुलासा न आल्याने आपली हरकत ग्राह्य धरून सदर अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. संशोधनातील सचोटी जपण्यासाठी आपण केलेल्या सहकार्याबद्दल केंद्र आपले आभारी आहे.

मी केंद्राच्या प्रमुखांना फोन केला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं पत्र आम्ही वाचलं सर, पण तोवर बैठक होऊन गेली होती. अर्जदार पुढच्या वर्षी परत अर्ज करू शकतात. मजकूर चोरल्याचा शेरा मात्र फायलीत राहील. मी विचारलं, तो कशानं निघेल? मग म्हणाल्या, तुमचा छापील पेपर तुम्ही मागे घेतलात, आणि तिथे जाहीर कारण दिलंत की लिखाण त्यांचं आहे, तर. पण तेवढं कोण करतं, सर?

गेल्या आठवड्यात एका दुपारी, विभागात सगळे हुरड्याच्या गाड्यांची ठरवाठरव करत होते तेव्हा, मी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पेपर मागे घेण्याचा फॉर्म उघडला. नाव, पेपरचं शीर्षक, मग 'कारण निवडा'. पर्याय तीन. पहिला, अनवधानानं झालेली चूक. दुसरा, लेखकांमधला वाद. तिसरा, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर छापणं.

मी पहिला निवडला.

बोट सरळ गेलं. फॉर्म पाठवून मी चहा प्यायलो. मला हलकं वाटत होतं, आपण फार मोठं काही केलं असं. आज सकाळी त्यांची सूचना प्रसिद्ध झाली. लेखकाच्या अनवधानाने झालेल्या चुकीमुळे हा पेपर मागे घेण्यात येत आहे. अर्चनाचं नाव कुठेही नाही. म्हणजे तिचा शेरा आहे तिथेच आहे, आणि मी मात्र चूक कबूल करणारा प्रांजळ माणूस ठरलो. दोन सहकाऱ्यांनी येऊन पाठ थोपटली. मी त्यांना थोपटू दिली.

त्या फॉर्ममध्ये दुरुस्तीची सोय नाही. एका पेपरसाठी एकच अर्ज. म्हणून आज मी नियतकालिकाच्या संपादकांना आणि त्या केंद्राला वेगळी पत्रं लिहिली आहेत आणि दोन्हींसोबत हा लेख जोडला आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. आधी ती टपालात टाकली, नोंदणी पोस्टानं, मग हा लेख इथे छापायला दिला. या वेळी कुणाला दाखवायला गेलो नाही.

अनवधान नव्हतं. तिचा अहवाल डाव्या हाताला उघडा होता, माझी फाईल समोर. मी ओळीमागून ओळ उतरवत गेलो, आणि जिथे तिचं नाव होतं तिथे पोचलो तेव्हा थांबलो, चष्मा पुसला, आणि ते सोडून पुढची ओळ घेतली.